होडीचा पायगुण

तिवरबंदरात एसटीतून उतरले आणि मी बायकांची कपाळं बघायला लागले.

जुई कडेवर होती. तिच्या डोक्यावर ओढणीचा आडोसा केला होता, खांद्याला तिच्या कपड्यांची पिशवी. किनाऱ्याच्या कडेनं बांगडे वाळत घातले होते आणि बायका वाकून ते उलटे करत होत्या. एकीला ठसठशीत कुंकू. दुसरीला टिकली. तिसरी पाठमोरी होती, ती वळेपर्यंत मी थांबून राहिले. तिलाही टिकली होती. पुढे विहिरीपाशी एक बाई बिनकुंकवाची दिसली, तशी मी भराभर पावलं उचलली, आणि ते वाईट वाटल्यामुळे नव्हतं. पण जवळ गेल्यावर ती फार म्हातारी निघाली. इतक्या म्हाताऱ्या बाईचा नवरा कशानंही गेलेला असू शकतो.

मला एखादी तरुण विधवा हवी होती. नाहीतर मुलगा गेलेली आई. आमच्या होडीनं तिवरबंदरात आणखी कोणाला तरी खाल्लं असेल, या आशेवर मी कणकवलीहून एसट्या बदलत, तापातून नुकत्या उठलेल्या मुलीला घेऊन तिथवर आले होते.

होडी माझ्या सासऱ्यांची. लग्न होऊन मी खाजणवाडीत आले आणि महिना व्हायच्या आत खाडीच्या तोंडाशी ती कलंडली. बरोबरचे दोघे पोहून आले, सासरे होडीखाली सापडले. आमच्याकडे अशा होडीला माणूस खाल्लेली म्हणतात. घरचे लोक ती पुन्हा पाण्यात घालत नाहीत, गावातलं कोणी घेत नाही. एक तर फोडून चुलीत घालायची, नाहीतर इतक्या लांबच्या बंदरात द्यायची की तिथून आपल्या खाडीतला दिवा दिसू नये. आमची लांब गेली. होडी गेली आणि घरात मी राहिले.

सुरुवातीला सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलायला लागल्या त्या हळूहळू. जयवंत, माझा नवरा, समुद्रावर निघायचा तेव्हा मी मागच्या पडवीत थांबायचं. पुढच्या दारी सडा मी टाकायचा नाही. त्याच्या डब्याला माझा हात नको. शेजारणींना त्या सांगत, सून गुणी आहे, शिकलेली आहे, माझ्याहून चांगली आमटी करते, पण पायगुण तो पायगुण, त्याला कोण काय करणार. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलेलं. मला हे हसण्यावारी नेता यायला हवं होतं. जयवंत नेत असे. "आईचं मनावर घेऊ नकोस, तिला कोणावर तरी ढकलायचंय," म्हणायचा. घरात तो सगळ्यांशी मालवणीत बोले आणि माझ्याशी तेवढं शाळेतल्यासारखं शुद्ध. त्यामुळे तो म्हणायचा ते मला जास्तच खरं वाटायचं.

मग जयवंतनं नवी होडी बांधायला टाकली. इतके दिवस तो दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर जायचा. होडी पाण्यात उतरायच्या आधी मी माहेरी जायचं, असं सासूबाईंनी ठरवलं. परत कधी यायचं ते त्या बोलल्या नाहीत. मी जुईचं विचारलं, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "चेडू मेथरांचा. ता हयसरच रवतला." मुलगी मेथर घराण्याची, म्हणून ती इथेच राहणार, जायचं मी एकटीनं.

जुई तेव्हा अंगावर पीत होती. नुकती रांगायला लागली होती आणि दिसेल ते तोंडात घालायची. तिला खोकला आला की मी श्वास रोखून ऐकायची, दुसरा येतो का ते. जयवंत तिथेच बसून जाळं शिवत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, बघू.

पायगुण असं काही नसतं, हे मी घरात सांगून पाहिलं होतं. टीव्हीवरच्या बातम्या ऐकतात तसं त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्याशी त्यांच्याच हिशोबानं बोलायला हवं. तीच होडी, दुसरं गाव, दुसरी माणसं, आणि तिथेही कोणी गेलं असेल, तर खोट होडीत. मग ती माझ्यात असू शकत नाही. सासूबाईंनाही हे मानावं लागलं असतं. त्यांच्या हिशोबात एका मरणाला दोन कारणं बसत नव्हती.

होडी कुठे गेली, हे जयवंतला विचारून झालं होतं. दलालानं नेली, त्यानं पुढे कुठे दिली ठाऊक नाही, म्हणाला. जुईच्या लसीसाठी देवगडला गेले तेव्हा मी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात शिरले. सासऱ्यांच्या होडीचं इंजिन त्यांच्याकडेच असायचं. ते म्हणाले, अजूनही माझ्याकडेच येतं, तिवरबंदरच्या मोतीराम चोडणेकरांकडे आहे होडी, फक्त नाव बदललंय. मग माझ्याकडे जरा बघत राहिले. "जयवंतनं सांगितलं नाही? तोच तर पोचवायला गेला होता, भाभी."

घरी पोचेपर्यंत मी त्याचा अर्थ लावून टाकला. जयवंत माझ्याशी खोटं बोलला, म्हणजे तिकडे लपवण्यासारखं काही घडलं होतं. बापाच्या होडीनं दुसऱ्याचं घर बुडवलं, हे त्याला तोंडानं सांगवत नसणार. मला त्याची कीव आली. आणि कीव येत असतानाच इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी जुईला न्हाऊ घालताना गाणं म्हणत होते.

वडिलांना बरं नाही असं सांगून मी माहेरी, कणकवलीला आले, आणि तिथून इथे.

चोडणेकरांचं घर स्लॅबचं होतं, नवीन रंगाचं, समुद्राकडे तोंड करून. पायरीवर उभी राहून मी आत डोकावले. समोरच्या भिंतीवर एक फोटो होता आणि फोटोला अबोलीचा ताजा हार. ऊन पडून काच चमकत होती, आतला चेहरा दिसत नव्हता. मी मनातल्या मनात म्हटलं, तरुण असू दे.

"कोण गो?"

मागच्या दारानं एक बाई आली. पन्नाशीची, आडव्या अंगाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हाताला माशांची खवलं चिकटलेली. ही शेवंतीकाकी, मोतीराम चोडणेकरांची बायको. मी म्हटलं, मी खाजणवाडीच्या मेथरांची, तुम्ही आमची होडी घेतलीत ना, ती बघायची होती. एवढंच मी म्हटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पुढचं तिनंच जोडून घेतलं.

"मेथरांचा चेडू? जयवंताची भैण तू?"

सून म्हणाले असते तर कोणत्या सुनेनं असं एकटीनं यायचं, नवरा कुठे आहे, हे सगळं आलं असतं. मी हो म्हटलं.

मग काय, मी त्या घरची माहेरवाशीणच झाले. बापाची होडी जिथे, तिथे लेकीचं माहेर, असं शेवंतीकाकी म्हणाली आणि मला हाताला धरून आत नेलं. पाट दिला, कोकमचं सरबत दिलं, जुईला माझ्याकडून उचलून घेतलं. तिनं हात धुतले नव्हते. जुईच्या डोळ्यांपासून तिची बोटं किती लांब आहेत, तिकडे माझं सारखं लक्ष.

"आंग वायच ऊन लागता गो हेचा."

ताप होता, आता उतरलाय, मी म्हटलं. मी अशी शहरातल्यासारखी का बोलते, हेही तिनं विचारलं. शिकायला कणकवलीला होते, म्हणाले. मग मला राहवेना. फोटो कोणाचा, म्हणून विचारलं.

"मामंजी. नव्वदी उलटवून गेले. जेवले, हात धुतले नि आडवे झाले." ती हसली. "दर्यान तेंका घेवक नाय, यमान घेवक नाय. शेवटाक आमीच हात जोडलंव."

मीही हसल्यासारखं केलं.

तेवढ्यात मोतीरामकाका आले. उंच, उघडे, दंडापर्यंत लाल रंग लागलेला. होडी रंगवायला वर ओढून घेतली होती. मी कोण ते कळल्यावर त्यांनी दारातूनच हात जोडले, आणि मग होडीचं जे सुरू केलं ते थांबेनात. ती घरात आली आणि हे घर उभं राहिलं. झिलाचं, म्हणजे मुलाचं, लग्न झालं, तो आता त्याच होडीवर जातो. मागच्या वादळात बंदरातल्या सगळ्यांची जाळी गेली, यांची तेवढी किनाऱ्याला येऊन लागली. म्हणून तिचं नाव बदलून भाग्यवती ठेवलं. "माणसाचो पायगुण माणसाक नडता," ते म्हणाले. "होडयेक पाय नसतत, म्हणान तिचो पायगुण चांगलो." हा विनोद त्यांनी पुष्कळदा केलेला असणार. शेवंतीकाकी त्यांच्या आधीच हसायला लागली होती.

मी विचारलं, कोणाला कधी लागलं वगैरे नाही ना. कोणी पडलं, अडकलं.

"नख मोडूक नाय कोणाचा."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. इतकी चांगली बातमी इतक्या पडलेल्या तोंडानं कोणी ऐकली नसेल. शेवंतीकाकीला वाटलं, मला बापाची आठवण आली. ती सरकून माझ्याजवळ बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. दुसऱ्या हातानं जुईला मांडीवर हलवत होती. म्हणाली, आम्हीसुद्धा आधी घेणार नव्हतो, माणूस खाल्लेली होडी दारात आणायला छाती लागते. पण तुझ्या भावानं येऊन नीट समजावलं.

"काय समजावलं?"

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. घरच्या लेकीला हे कसं ठाऊक नाही, असं त्या बघण्यात होतं. मग काकांनी सांगितलं, आणि त्यांना ते शब्दच्या शब्द पाठ असावं, कारण बंदरात होडीबद्दल कोणी विचारलं की ते हेच सांगत असणार.

"तो हयसरच बसलो होतो, तू बसलंस थंय. म्हणालो, काका, होडयेत खोट नाय. माझ्या बापाशीक होडयेन खावक नाय. माझ्या बायलेच्या पायान खाल्ल्यान. ती घरात इली, नि म्हयनो भरूच्या आत बापूस गेलो. रडलो गो तो. आमका खरा वाटला."

मी म्हटलं, "आई म्हणाली असेल असं. सासू-सुनेचं असतंच."

"आवस खंय इली होती? एकटोच इलेलो तो." काका आठवून सांगत होते. "उलट माका म्हणालो, आवस अजून मानी नाय. म्हणता, बिचाऱ्या पोरीक कित्याक बोल लावतंस. पण मी सांगीन तिका, तिकाय पटात."

सुरुवातीला सासूबाई काही बोलत नव्हत्या, ते मला आठवलं. बाहेर बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कोणीतरी टोपलीवर टोपली आपटत होतं. मी जुईकडे बघत होते. ती काकीच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालायला बघत होती, आणि मी ती सोडवली नाही.

"आसा काय ती अजून घरात?" शेवंतीकाकीनं आवाज खाली आणून विचारलं. "तुझी वयनी?"

"आहे."

"पोरबाळ?"

"एक मुलगी."

"मगे तेका आदी तिच्यापासून वेगळा करूक होया," असं म्हणून तिनं जुईच्या गालाचा मुका घेतला. "लहान जीव तो. तेचो काय दोष."

"हो," मी म्हटलं. "तसंच चाललंय."

मला तिथून निघायचं होतं. शेवटची एसटी कधी आहे, विचारलं. पण माहेरवाशीण अशी कोरडी जाते का. काकीनं ताटात तांदूळ घेतले, नारळ घेतला, खण घेतला आणि माझी ओटी भरली. मी ओढणी पसरून घेतली. तिनं मला कुंकू लावलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. आणि मग म्हणाली, चल, बापाशीच्या होडीला हळदकुंकू लाव, लेकीचा हात लागू दे.

नाही म्हणायला कारण सापडेना.

होडी वाळूवर ओंडक्यांवर घेतलेली होती, एका कुशीवर चांगलीच कललेली. अर्धी बाजू लाल रंगवून झाली होती. भाग्यवती हे नाव पांढऱ्या रंगात काढलं होतं. मी होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या उभ्या टोकापाशी उभी राहिले. एका हातात ओटीची मोट होती, म्हणून काकीनं जुईला आपल्याकडेच ठेवलं. मी आधी हळद लावली, मग कुंकू. लाकूड उन्हानं तापलं होतं. याच लाकडाखाली सासरे सापडले होते. त्यांनी मला महिनाभरात दोनदा हाक मारली होती, दोन्ही वेळा नावानं, हेमांगी म्हणून. सूनबाई वगैरे नाही.

काका खूश झाले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, तुझ्या भावाला सांगूया, किती दिवसांत बोलणं नाही. मी म्हटलं, नको, तो समुद्रावर असेल. तोपर्यंत त्यांनी लावलाही होता. हाताला रंग होता म्हणून कानाला न लावता स्पीकरवर टाकून होडीच्या फळीवर ठेवला.

"जयवंता, अरे तुझी भैण इली हा आमच्याकडे. होडयेक कुंकू लावता बघ."

"माझी कोण भैण? माका भैण खंय आसा, काका?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघत बघतच ते फोनमध्ये बोलले. "बारीक आसा. चष्मो लावता. कडेवर चेडू."

काकी जुईला घेऊन फोनजवळ वाकली.

"ती माझी बायल," जयवंत म्हणाला.

शेवंतीकाकी एक पाऊल मागे सरकली. बांगडे उलटणाऱ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या होत्या.

"होडयेक हात लावल्यान काय?" जयवंतनं विचारलं.

"नाळीक लावल्यान. आमीच सांगितलंव."

"मगे धुवन घेवा. खाऱ्या पाण्यान धुवा, नि माझ्या नावान एक नारळ सोडा दर्यात. उद्या काय झाला तर माका बोल लावू नकात." इंजिन कसं सुरू करायचं ते सांगावं, तसा त्याचा आवाज होता. चिडलेला नव्हता. "चेडू कोणाकडे आसा?"

"आमच्या मंडळीकडे."

"तिच्याकडे देव नकात. मी गाडी घेवन येतंय. तिका जाय थंय जावंदे."

मी त्याचं नाव घेऊन हाक मारली. फोन बंद झाला होता.

काकांनी फोन उचलून खिशात टाकला, रंगाची बादली उचलून लांब ठेवली आणि दुसरी, रिकामी बादली घेऊन पाण्याकडे चालायला लागले. मी काकीकडे वळले आणि हात पुढे केले. तिनं जुईवर पदर घेतला. जुईचं डोकं पूर्ण झाकलं गेलं आणि मला वाटलं, तिला श्वास घ्यायला मिळतोय का.

"तू लबाड बोललंस," शेवंतीकाकी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "माझ्या घरात बसान लबाड बोललंस. ओटी घेतलंस माझ्याकडसून."

मी म्हटलं, चूक झाली, माझी मुलगी द्या, मी निघून जाते, परत कधी या गावात यायची नाही. ती म्हणाली, बापूस येईपर्यंत पोर इथेच राहील. मी म्हटलं, तिची दुधाची वेळ झालीय, ती वरचं घेत नाही, तापातून उठलीय.

"शेजारी बाळंतीण आसा. ती पाजतली."

तोवर बायका जवळ आल्या होत्या. मी एक पाऊल पुढे गेले की त्या सगळ्या एक पाऊल मागे जात, आणि त्यांच्याबरोबर काकीही, जुईला घेऊन. कोणी मला धरलं नाही. ढकललं नाही. एकीच्या हाताला माझी ओढणी लागली, तर तिनं हात झटकून लुगड्याला पुसला. त्यांना माझ्या अंगाला हातही लावायचा नव्हता. अशा मागे मागे जात त्या घरापर्यंत पोचल्या असत्या, मग दार लागलं असतं, आणि जयवंतची गाडी येईपर्यंत मी त्या दाराबाहेर बसले असते. पदराच्या आतून जुई रडायला लागली. भुकेचं रडणं वेगळं असतं आणि घाबरल्याचं वेगळं. हे दुसरं होतं.

मी उलटी फिरले. चप्पल काढली. होडी जिथे वाळूकडे कलली होती तिथे तिची कड माझ्या गुडघ्याएवढीच वर होती. मी डावा पाय उचलला आणि आतल्या फळीवर ठेवला.

मागे सरकणाऱ्या बायका थांबल्या. काका बादली भरून परत येत होते, ते होते तिथेच उभे राहिले.

"काकी, पोर आणा," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं तुम्हाला सांगितलंय ना, माझे पाय काय करतात ते."

"गो, काढ. पाय काढ तो."

"तुमचा मुलगा याच होडीवर जातो ना?"

शेवंतीकाकीचं तोंड उघडं राहिलं. ती मघाशी माझ्या पाठीवरून हात फिरवणारी बाई होती, आणि माझ्यामुळे इतकं घाबरलेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. ती काकांकडे बघायला लागली. बादलीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

"अजून एकच पाय आहे आत," मी म्हटलं. "दुसरा बाहेर आहे. पोर आणा."

ती आली. रडत आली. पण जुईला तिनं माझ्या हातात दिलं नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर वाळूत ठेवलं आणि धावत मागे गेली. जुईनं तोंड वर करून पाहिलं आणि काकीकडेच हात केले. शेवटची मांडी तिची होती. मी होडीतला पाय न काढता वाकले. ओटीची मोट सुटली, तांदूळ सांडले, नारळ गडगडत पाण्याकडे गेला. जुईचा झगा माझ्या मुठीत आला. तो धरून मी तिला ओढून घेतलं आणि उचललं.

काकांनी बादली खाली ठेवली. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, लाल रंगानं माखलेले हात त्यानं माझ्यापुढे जोडले.

"चेडू गावला मां तुका," ते म्हणाले. "आता काढ पाय, बाय. माझो एकच झिल आसा."

सगळ्या बायका माझ्या पायाकडे बघत होत्या. मी जुईला नीट खांद्यावर घेतलं. तिच्या ओठांना लागलेली वाळू पुसली, कानाला लागलेली पुसली, तोंडात बोट घालून आत काही गेलं नाही ना ते बघितलं. तिचा श्वास माझ्या मानेला लागेपर्यंत थांबले. मग दुसरा पायही आत ठेवला.